कुशीवर झोपता येत नाही तेव्हा
(खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे : ओळख आणि उपचार)

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु काही दुखणी येतात तीही मुंगीच्याच पावलांनी. कधी आली ते कळत नाही. आणि कळते तेव्हा त्यांनी घरात चांगलेच बस्तान बसवलेले असते. माझ्या आईचे खुब्याचे दुखणे असेच आले. शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नसतानाही या विषयावर लिहिण्याचे धाडस मी करते आहे, ते या दुखण्याने आमच्या घरचे एक वर्ष खाल्ले म्हणून. त्यातला बराचसा काळ दुखण्यात नव्हे, तर दुखण्याचे नाव चुकल्यामुळे वाया गेला. तो इतरांचा जाऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आई पनवेलच्या बाजारपेठेजवळ पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे पाचपासून अकरापर्यंत ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटायच्या, हा तिचा पंधरा वर्षांचा नेम. त्या वर्षी चैत्रात ती एकवीरेच्या पालखीबरोबर पायी कार्ल्याला गेली. एरवी घर ते बाजार एवढेच चालणारी बाई दोन दिवसांत घाट चढली, गडाच्या पायऱ्याही चढली. परत आल्यावर ताई बाळाला घेऊन माहेरपणाला आली. बाळ महिनाभर आजीच्या कडेवरून उतरले नाही. वैशाखात आई म्हणू लागली, "उजव्या कुशीवर झोपलं की खुबा ठणकतो गं." आषाढात ती मध्यरात्री उठून बसू लागली. जिना चढताना कठड्याला धरू लागली. गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला वळली तरी चेहरा आक्रसायचा.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, वात आहे. मामा म्हणाला, सायटिका. पोळ्या न्यायला येणाऱ्या एका गृहस्थांनी तर, "खुबा झिजला, आता बदलावा लागणार," असे सांगून टाकले. या शेवटच्या वाक्याने आईची झोप उरलीसुरली तीही गेली. केंद्र बंद ठेवायचे तर किती दिवस, आणि शस्त्रक्रियेला पैसे कुठून आणायचे, याचा हिशेब ती वहीच्या मागच्या पानावर करू लागली. पुढे क्ष-किरण फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. चिठ्ठीवर 'बर्सायटिस' असा शब्द आला. गोळ्या झाल्या, नंतर एक इंजेक्शन झाले. पाच-सहा आठवडे आई अगदी पूर्वीसारखी हिंडली-फिरली आणि गणपतीच्या सुमारास दुखणे पुन्हा दारात उभे राहिले.

त्यानंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी फोटो नंतर पाहिला. आधी विचारले, "काकू, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा बरं." आईने मांडीच्या बाहेरच्या बाजूला, चापून बसवलेल्या साडीखाली हाताला लागणाऱ्या टणक हाडावर बोट ठेवले. "हा तुमचा खुब्याचा सांधा नाहीच," त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने आईच्या वहीतला हिशेब खोटा ठरला.

खुबा नेमका कोठे असतो?

बोलण्यात आपण मांडीच्या बाहेरच्या उंचवट्याला 'खुबा' म्हणतो आणि सांध्यालाही 'खुबा'च म्हणतो. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. खुब्याचा सांधा म्हणजे कमरेच्या हाडातील खोलगट वाटी आणि तिच्यात बसलेला मांडीच्या हाडाचा गोल डोका. हा सांधा खोल असतो आणि तो बिघडला तर कळ बहुधा जांघेत येते. बाहेर हाताला लागतो तो उंचवटा मांडीच्या हाडाचाच, पण सांध्यापासून अलग. त्याला शरीरशास्त्रात 'ट्रोकँटर' म्हणतात. तो काही स्नायूंचा खुंटा आहे, असे समजावे.

कुल्ल्यात तीन मोठे स्नायू एकावर एक असतात. त्यांची लॅटिन नावे ग्लुटियस मॅक्सिमस, ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस. अर्थाने पाहिले तर ही आपली थोरला, मधला आणि धाकटा अशी घरगुतीच नावे आहेत. यांपैकी मधला आणि धाकटा कमरेच्या हाडापासून निघून त्या उंचवट्याला येऊन बांधले जातात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोरीला कंडरा म्हणतात. या कंडरांवरून एक रुंद, जाड पट्टा कमरेपासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंत उतरतो. खाली हाड, वर पट्टा आणि मध्ये कंडरा, अशी ही दाटीची जागा आहे.

दाटीच्या जागी घासाघीस होऊ नये म्हणून निसर्गाने चपट्या पिशव्या ठेवल्या आहेत. आत थोडासा बुळबुळीत द्रव आणि बाहेर पातळ आवरण, असे त्यांचे स्वरूप. त्यांना बर्सा म्हणतात. बर्सा या शब्दाचा मूळ अर्थच पैशाची पिशवी, म्हणजे आपला बटवा. आजीची पानाची चंची कनवटीला जशी चापून बसे, तशी ही पिशवी हाड आणि पट्टा यांच्यामध्ये चापून बसलेली असते. अशा दीडशेच्या आसपास पिशव्या आपल्या शरीरात आहेत. त्यांपैकी एखादी सुजली की त्या विकाराला बर्सायटिस म्हणतात. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्यांची गुडघ्यापुढची पिशवी सुजते. तासन्‌तास कठीण बैठकीवर बसून माग चालवणाऱ्या विणकरांची बैठकीच्या हाडाखालची सुजते. इंग्रजीत या दोन्ही विकारांना त्या त्या कष्टकऱ्यांचीच नावे पडली आहेत.

पिशवी की दोरी?

खुब्याच्या बाहेरचे दुखणे म्हणजे ही पिशवी सुजणे, असे वैद्यकशास्त्र कित्येक दशके मानत आले. ते स्वाभाविकही होते, कारण दाबले की नेमके तेथेच दुखते. परंतु सोनोग्राफी आणि एम.आर.आय. ही साधने हाती आल्यावर आत प्रत्यक्ष डोकावता आले आणि चित्र पालटले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दुखणे असलेल्या २४ स्त्रियांची एम.आर.आय. तपासणी झाली. पिशवी फुगलेली आढळली ती फक्त दोघींची. मात्र बहुतेकींच्या मधल्या स्नायूची कंडरा खराब झालेली होती. जवळजवळ निम्म्या जणींची तर थोडीफार फाटलेलीही होती. पुढे २०१३ साली अमेरिकेतून ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफीचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही पिशवीची सूज सुमारे २० टक्के रुग्णांतच आढळली. कंडरेचा बिघाड सुमारे ५० टक्क्यांत होता.

म्हणजे दुखणे मुख्यतः चंचीचे नव्हे, दोरीचे. म्हणून हल्लीचे वैद्यक 'बर्सायटिस' हे नाव मागे ठेवून 'ट्रोकँटरच्या परिसरातील वेदना' अशा अर्थाचे व्यापक नाव वापरते. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. येथे नावात उपचार आहे. पिशवी सुजली असे मानले तर सूज उतरवणे एवढेच काम उरते. गोळी घ्या, इंजेक्शन घ्या, विश्रांती घ्या. दोरी कमजोर झाली असे मानले तर ती पुन्हा बळकट करणे आले, आणि बळकटी विश्रांतीने येत नाही. आईच्या इंजेक्शनाचा गुण पाच-सहा आठवड्यांत का ओसरला, याचे उत्तर येथे मिळते. सूज उतरली, दोरी होती तशीच राहिली.

कावडीचे गणित

ही दोरी एवढी झिजावी असे ती काय काम करते? ते समजण्यासाठी कावड डोळ्यांपुढे आणावी. कावडीची दांडी खांद्यावर मधोमध ठेवली तर दोन्ही बाजूंना सारखे वजन पुरते. खांदा एका टोकाकडे सरकवला, तर आखूड बाजूला कितीतरी जास्त वजन टांगावे लागते. नाहीतर लांब बाजू खाली जाते.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या क्षणी खुब्याचा सांधा हा कावडीचा खांदा होतो. लांब बाजूला सबंध धडाचे वजन असते. आखूड बाजूला, बाहेरच्या उंचवट्यावर, मधला आणि धाकटा हे दोन स्नायू ओढ धरून उभे असतात. त्यामुळे त्यांना शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागतो आणि सांध्यावर अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलो वजनाच्या बाईच्या त्या दोरीला प्रत्येक पावलागणिक सुमारे एकशेवीस किलोंची ओढ बसते, असे म्हणता येईल. एक किलोमीटर चालताना आपण सुमारे चौदाशे पावले टाकतो; त्यांतली निम्मी त्या बाजूची. जिना चढताना आणि घाट चढताना जोर आणखी वाढतो.

हे स्नायू दुबळे झाले तर एका पायावर उभे राहताच कमरेची दुसरी बाजू खाली झुकते आणि माणूस झोकांड्या खात चालतो. ही खूण जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली वर्णिली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी करता येणारी ही तपासणी सव्वाशे वर्षांनंतरही टिकून आहे.

ओढ ही दोरीची एक शत्रू. दुसरा शत्रू म्हणजे दाब. मांडी आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने गेली की बाहेरचा रुंद पट्टा ताणला जातो आणि खालच्या कंडरेला हाडावर चेपतो. एका कमरेवर कलून उभे राहणे, गुडघ्यावर गुडघा टाकून बसणे, कुशीवर झोपल्यावर वरचा पाय पुढे जमिनीवर पडू देणे, या सगळ्यांत हेच घडते. मूल किंवा कळशी कडेवर घेण्यासाठी आपण कंबर एका बाजूला काढतो, तेव्हाही हेच घडते. ओढ आणि दाब एकत्र आले की दोरीचे तंतू विसकटू लागतात.

हे कोणाला होते?

हे दुखणे चाळिशी ते साठीच्या दरम्यान अधिक आढळते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक. स्त्रियांची कंबर रुंद असते. पाळी जाण्याच्या काळात शरीरातील संप्रेरके बदलतात, त्याचा परिणाम कंडरांच्या बळकटीवरही होतो असे मानले जाते. वाढलेले वजन आणि जुनी कंबरदुखी यांचीही भर पडते. पण पुष्कळदा ठिणगी पडते ती अचानक वाढलेल्या श्रमांनी. कंडरेला श्रमांचे वावडे नाही. तिला आकस्मिकपणाचे वावडे आहे. वर्षभर न चालणाऱ्याने एकदम पायी वारी करणे, पावसाळ्यातल्या पहिल्याच रविवारी कर्णाळा किंवा कलावंतिणीचा सुळका चढून येणे, या गोष्टी तिला मानवत नाहीत. आईच्या बाबतीत पालखीची चाल, कडेवरचे बाळ आणि ओट्याशी एका पायावर कलून उभे राहण्याची पंधरा वर्षांची सवय, अशी तिन्ही कारणे एका वेळी जमून आली होती.

तरुण वाचकांनी आपण यातून सुटलो असे मानू नये. पनवेलहून मुंबईला जाणारी हार्बर लोकल १९९८ साली सुरू झाली, तेव्हापासून तासाहून अधिक वेळ डब्यात उभ्याने प्रवास करणाऱ्यांची आपल्या गावात कमी नाही. खांद्याला जड पिशवी, दाराच्या दांडीला टेकलेली पाठ आणि सगळा भार एका पायावर, हे चित्र आपल्यापैकी अनेकांचे आहे.

ओळखावे कसे?

पहिली खूण म्हणजे बोट. रुग्ण मांडीच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवतो आणि तेथे दाबताच दचकतो. कळ मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरू शकते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली काही पावले जड जातात. एका पायावर अर्धा मिनिट उभे राहिले की ओळखीची कळ येते. सलवार किंवा पँट उभ्याने चढवताना हेच जाणवते.

याउलट कळ जांघेत असेल, पायाची नखे काढायला किंवा मोजे घालायला वाकता येत नसेल, तर सांध्याचा विचार करावा. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा अतिरिक्त मद्यपान यांमुळे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हा विकार तरुणांनाही होतो आणि सुरुवातीला साध्या क्ष-किरण फोटोत दिसतही नाही. म्हणून जांघेतली कळ अंगावर काढू नये. कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जात असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर दोष बहुधा पाठीच्या मणक्यात असतो. आयुर्वेद ज्याला गृध्रसी म्हणतो आणि आपण सायटिका, तो हा विकार.

काही लक्षणांत मात्र घरगुती विचार करीत बसूच नये. पडल्यानंतर पायावर भार घेता न येणे, ताप येणे, जागा लाल आणि गरम होणे, वजन घटणे, कोणत्याही कुशीवर न थांबणारी रात्रीची कळ, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात क्षयरोग हाडात आणि या पिशवीतही क्वचित शिरतो. न दुखणारी, हळूहळू वाढणारी सूज आणि संध्याकाळचा बारीक ताप असेल तर ती शंका दूर करून घेणे आवश्यक आहे.

उपचार : आधी दाब काढा

उपचाराचे दोन भाग आहेत आणि पहिल्याला एक पैसाही लागत नाही. दोरीवरचा दाब काढायचा, एवढेच ते काम. झोपताना दुखऱ्या कुशीवर झोपू नये. दुसऱ्या कुशीवर झोपायचे तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी ठेवावी, म्हणजे वरचा पाय आत पडत नाही. पाठीवर झोपायचे तर गुडघ्यांखाली उशी ठेवावी. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंथरुणात एक गोधडी वाढवावी. उभे राहताना पावले थोडी फाकवून दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा. पायावर पाय टाकू नये. फार बुटक्या पाटावर किंवा रुतणाऱ्या सोफ्यावर बसू नये. मांडी घालून बसल्याने दुखत असेल तर काही महिने खुर्ची वापरावी. देव रागावत नाही. मूल कडेवर न घेता पोटाशी, दोन्ही हातांनी घ्यावे. रस्त्याच्या उतरत्या कडेने न चालता सपाट भागावरून चालावे.

कळ फार असेल तर काही आठवडे काठी वापरावी, ती दुखऱ्या बाजूच्या नव्हे, दुसऱ्या बाजूच्या हातात. हे उलटे वाटते, पण कावड आठवावी. कावडीची लांब बाजू टोकाशी उचलून धरली की आखूड बाजूचे काम हलके होते.

येथे ताणाच्या व्यायामांविषयी सांगितले पाहिजे. दुखते म्हणून पुष्कळजण गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढून ताण देतात, गोमुखासन करतात. स्नायू आखडला असेल तर ताण बरा. पण येथे अशा ताणाने मांडी आतच जाते आणि कंडरा अधिक चेपली जाते. क्षणभर बरे वाटते आणि रात्री ठणका लागतो. तेलाचेही तसेच. १८७२ साली पनवेलात स्थापन झालेल्या धूतपापेश्वर कारखान्यामुळे तेल, आसव, गुटी हे शब्द आपल्या गावच्या घराघरांत मुरलेले आहेत. हलक्या हाताने तेल लावून शेकल्याने आराम वाटतो, तो जरूर घ्यावा. परंतु दुखऱ्या हाडावर अंगठ्याने रगडून घेणे म्हणजे चेपलेल्या दोरीला आणखी चेपणे होय.

मग दोरी बळकट करा

दुसरा भाग व्यायामाचा. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा हे उत्तम. आपल्या परिसरात कामोठे येथे महात्मा गांधी मिशनच्या संस्थेत या शास्त्राचे शिक्षण दिले जाते. त्यामुळे ही विद्या आता पनवेलकरांना दूरची राहिलेली नाही. आईला शिकवलेला क्रम थोडक्यात असा होता.

पहिले काही दिवस उताणे झोपून, मांड्यांभोवती ओढणी सैलसर बांधून, गुडघे हळूच बाहेर दाबायचे आणि तसेच काही क्षण धरून ठेवायचे. हालचाल नाही, नुसता जोर. नंतर सेतुबंधासन, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे. पुढे खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे. त्यानंतर भिंतीला हात लावून बाजूला पावले टाकीत चालणे, आणि शेवटी बुटक्या पायरीवर एका पायाने चढणे. चढताना आरशात पाहून कंबर कलत नाही ना याची खात्री करायची. प्रत्येक पायरी जमल्यावरच पुढची.

दुखणे किती चालेल, याला एक साधा नियम त्यांनी सांगितला. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालेल; मात्र त्या रात्रीची झोप त्यामुळे मोडू नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या सकाळपेक्षा वाढलेले नसावे. वाढले तर व्यायाम सोडायचा नाही, एक पायरी खाली उतरायचे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटला. आपल्याकडे व्यायाम एकतर जिद्दीने अंगावर ओढून केला जातो, नाहीतर पहिल्या कळेला सोडून दिला जातो. हा नियम मधली वाट दाखवतो.

इंजेक्शन वाईट का?

नाही. त्याने कळ लवकर उतरते, आणि कधी कधी व्यायाम सुरू करता यावा म्हणून तेवढी उसंत आवश्यकही असते. प्रश्न त्यावर थांबण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात ३५ ते ७० वर्षे वयाच्या २०४ रुग्णांचे तीन गट करून एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला दुखण्याची माहिती आणि व्यायाम शिकवले. दुसऱ्याला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. तिसऱ्याला धीर देऊन वाट पाहायला सांगितले. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातील सुमारे ७७ टक्के, दुसऱ्यातील ५८ टक्के आणि तिसऱ्यातील २९ टक्के रुग्णांनी लक्षणीय सुधारणा सांगितली. वर्षाच्या शेवटी हेच आकडे अनुक्रमे ७९, ५८ आणि ५२ झाले.

यातील शेवटचा आकडा मला विशेष बोलका वाटतो. ज्यांना इंजेक्शनही दिले नाही आणि व्यायामही शिकवला नाही, त्यांतलेही निम्मे वर्षभरात सुधारले. म्हणजे हे दुखणे जन्माला चिकटणारे नाही. पण वर्षभर रात्री जागून काढणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात घडते त्यालाच कळते. व्यायामाने ते वर्ष पुष्कळांच्या बाबतीत दोन महिन्यांवर येते. मात्र तो प्रयोगही आयता नव्हता. त्या रुग्णांना आठ आठवड्यांत १४ वेळा मार्गदर्शनासाठी यावे लागले आणि घरी रोज व्यायाम करावा लागला.

वेदनाशामक गोळ्यांविषयी एवढेच की, त्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत; जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो. शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना पडते. कंडरा मोठ्या प्रमाणात फाटली असेल आणि इतर उपाय थकले असतील, तेव्हाच तिचा विचार होतो.

समारोप

आईचे पुढे काय झाले, हे सांगणे प्राप्त आहे. चमत्कार घडला नाही. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही आणि ती वैतागून म्हणाली, "ओढणी बांधून पाय हलवले की खुबा बरा होतो होय?" दोन महिन्यांनी तिला रात्रीची सलग झोप लागू लागली. जिन्याचा कठडा सुटायला चार महिने लागले. केंद्र एकही दिवस बंद राहिले नाही. फक्त कणीक आता ती बसून मळते, आणि पोळ्या लाटताना भार एका पायावर गेला की मी किंवा बाबा तिला हाक मारतो. पुढच्या चैत्रात ती पालखीबरोबर गेली ती निम्मी वाट चालून आणि निम्मी टेम्पोतून. अजूनही एखाद्या दिवशी काम जास्त झाले की उजवी बाजू बोलते. पण आता ती घाबरत नाही. दोन दिवस एक पायरी खाली उतरते. तिच्या वहीच्या मागच्या पानावरचा तो हिशेब मात्र तिने अजून फाडलेला नाही.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी शब्दांच्या अर्थांवर तासन्‌तास वाद घालतो. एका शब्दाचा अर्थ घरातल्या माणसाची झोप हिरावून घेऊ शकतो, हे मला 'खुबा' या शब्दाने शिकवले. तुमच्या घरी आई, मावशी, आत्या असे काही म्हणू लागली तर वात, सायटिका, झीज ही नावे लगेच तिच्या हवाली करू नका. आधी तिला विचारा, "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव." आणि त्या रात्री तिच्या दोन गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवा. पुढचे काम जाणकारांचे. पण एवढे आपल्या हातचे आहे.